झिजणारं कांस्य, पेलणारं जर्मन

साखर कारखाना बघायचा तर तो मे महिन्यात बघावा. हंगामात गव्हाणीत मोळ्या पडत असतात, वाफ आणि मळीचा वास नाकात बसलेला असतो, मिल हाउसमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मे महिन्यात सगळं उघडं पडलेलं असतं. खलाशांनी साखळ्या लावून रोलर उचललेले असतात, उसाचा रस काढणारे ते अजस्र दंडगोल लाकडी ओंडक्यांवर ओळीनं निजलेले असतात. ज्या खाचेत रोलरची मान बसते, तिथं तांबूस-पिवळ्या धातूचा एक जाड, अर्धगोल तुकडा दिसतो. भोवतालच्या काळ्या लोखंडात तो वेगळा उठून दिसतो. मिल फिटर रोलरच्या मानेला निळा रंग चोपडतात, मान त्या तुकड्यावर टेकवतात, पुन्हा उचलतात. जिथं निळा डाग लागला तिथं उंचवटा आहे असं समजून तेवढीच जागा खरवडायची, पुन्हा टेकवायची, पुन्हा खरवडायची. सगळ्या पृष्ठावर निळे ठिपके सारखे उमटेपर्यंत हे चालतं.

तो तुकडा गनमेटलचा, म्हणजे कांस्याच्या घराण्यातला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशा कऱ्हा-नीरा-भीमेच्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं ऊस गाळला तो अशा तुकड्यांवर रोलर फिरवून. बारामती-इंदापूर म्हटलं की लोकांना ऊस, कालवा आणि द्राक्षं आठवतात. मला या मुलखाकडे दोन धातूंच्या बाजूनं बघायला आवडतं. जिथं काही घासतं तिथं कांस्य आहे. जिथं काही उचलून धरायचं, पेलायचं, लांब न्यायचं आहे तिथं अ‍ॅल्युमिनियम आहे, म्हणजे आपल्या आज्यांच्या भाषेत ‘जर्मन’.

आधी घासण्याचं बघू. रोलरची मान घडीव पोलादाची असते. वरच्या रोलरवर हायड्रॉलिकनं शेकडो टनांचा दाब दिलेला असतो. इतक्या दाबाखाली पोलादाची मान लोखंडाच्या खाचेत फिरवली, तर दोन्ही एकमेकांना चावतील. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्म पातळीवर तो डोंगर-दऱ्यांचाच असतो; एका जातीच्या धातूंचे डोंगरमाथे दाबाखाली एकमेकांना चिकटतात, जणू वेल्डिंग होतं, आणि पुढच्या वळणाला तुटताना तिथला लचका निघतो. त्यावर उपाय तेल. भरभर फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून घेतो आणि तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो. पण मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो. इतक्या संथ गतीला तेलाचा सलग पडदा तयारच होत नाही. धातूला धातू टेकायचाच, हे गृहीत धरून यंत्र बनवावं लागतं.

म्हणून एक बाजू मुद्दाम नरम ठेवतात. कांस्य पोलादापेक्षा नरम, जातीनं वेगळं, म्हणून चिकटत नाही. त्याची अंतर्रचना तर या कामासाठीच केल्यासारखी आहे. तांब्यात कथील मिसळून ओतलं की नरम गाभ्यात कडक कण विखुरतात. कडक कण ओझं घेतात, नरम गाभा मानेच्या आकाराला थोडा थोडा जुळवून घेतो. बहुतेक बेअरिंगांत शिसंही घालतात. शिसं तांब्यात विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहतं. तेल कमी पडलं आणि जागा तापली की तेच शिसं पृष्ठावर माखलं जातं आणि वेळ निभावून नेतं. उसाबरोबर शेतातली माती येते; रसाबरोबर एखादा खडा बेअरिंगमध्ये शिरलाच, तर तो नरम धातूत रुतून बसतो, मानेला ओरखडत नाही. शिवाय कांस्य उष्णता लवकर वाहून नेतं. या बेअरिंगांच्या पोटातून गार पाणी फिरवलेलं असतं, ते तिथली उष्णता घेऊन जातं.

हिशेब सरळ आहे. रोलरचा दांडा महाग, तो बदलायचा तर मोठा खर्च आणि मोठा खोळंबा. बेअरिंग झिजलं तर काढून नवं बसवता येतं. झिजण्याचं काम ज्याला परवडतं त्याच्याकडे ते सोपवलेलं आहे. गिअरबॉक्समधल्या वर्म गिअरचंही तसंच: मळसूत्र पोलादाचं आणि त्याच्याशी घसटत फिरणारं चाक फॉस्फर ब्रॉन्झचं. आता काही कारखान्यांनी मिलला फिरत्या रुळांची अँटिफ्रिक्शन बेअरिंग बसवली आहेत. त्यांनी वीज वाचते. तरी मे महिन्यातला तो निळा रंग आणि खरवडण्याची पाती अजून बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि माझ्या मते हातानं करायच्या कामांत इतकं बारीक काम आपल्या तालुक्यांत दुसरं क्वचितच असेल.

गनमेटल हे नाव तोफांवरून आलं. जुना ठरलेला मेळ 88 भाग तांबं, 10 भाग कथील, 2 भाग जस्त. दुसरा प्रचलित मेळ 85 भाग तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5. कथील वाढवत नेलं की धातूचा स्वभाव बदलतो. 22 टक्क्यांच्या आसपास कथील घातलं की आपलं घरातलं कासं. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी याच मेळाची, आणि देवळातली घंटाही याच घराण्यातली. हा मेळ कडक आणि ताठ असतो, ठोका बसला की कंप आत जिरवत नाही, बराच वेळ थरथरत राहतो, म्हणून नाद लांबतो. गनमेटलची घंटा केली तर ती तशी वाजणार नाही; काशाचं बेअरिंग केलं तर दाबाखाली तडकेल. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची 1721 सालची पोर्तुगीज घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा या दोन्ही वसईच्या मोहिमेनंतर देशावर आल्या. चिमाजीअप्पांच्या माणसांनी एवढं अवजड ओझं घाट चढवून आणलं, यावरून त्या काळी चांगल्या ओतीव काशाची किंमत काय होती ते कळतं.

किंमत असायचं कारण कथील. तांबं भारतात थोडंफार निघतं, विदर्भाच्या सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी खाण आहे. कथील मात्र बस्तरच्या बाजूला थोडं, बाकीचं बाहेरून येतं. ही अडचण फार जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा असे चार ओतीव नमुने शेतकऱ्यांच्या हाती लागले. चौघांचं वजन मिळून 60 किलोहून जास्त. त्यांना सर्रास कांस्यमूर्ती म्हणतात, पण रासायनिक तपासणीत त्यांत आर्सेनिक 1 टक्क्याहून जास्त आढळलं. तांब्याला कडक करायचं काम आर्सेनिकही करतं. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या ओताऱ्याला हे नाव ठाऊक नव्हतं, धातूच्या वागण्यातला फरक मात्र नक्की कळत असणार.

कथील दुर्मीळ म्हणूनच कांस्य कुणी टाकून देत नाही. पितळेची, काशाची मोड वजनावर विकली जाते. झिजलेली बेअरिंगं काट्यावर चढतात आणि ओतशाळेत जाऊन नवी होऊन परत येतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हईवाले नवसागर टाकून जो चकचकीत थर देत, तोही कथिलाचाच. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे रस्त्याकडेला भाता लावूनही हे काम व्हायचं. तो थर नसला की आंबट वरण कळकायचं. कळक म्हणजे तांब्याची हिरवट, विषारी बुरशीसारखी पुटं. हीच कळक घराबाहेरच्या पुतळ्यावर साचली की मात्र त्याचं कवच होते, त्याकडे पुढे येतो.

घासण्याचं आणि पेलण्याचं काम एकाच यंत्रात बघायचं असेल तर शेतावरच्या पाण्याच्या पंपाकडे जावं. बोअरमधल्या सबमर्सिबलचा दांडा शिसं घातलेल्या कांस्याच्या बुशात फिरतो आणि त्याला वंगण असतं पाण्याचंच. वाळू आली की आधी ‘बुश गेला’ असं मेकॅनिक सांगतो. विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीत आतलं फिरणारं अंग, म्हणजे रोटर, उघडून बघितलं तर पोलादी पत्र्यांच्या खाचांमधून अ‍ॅल्युमिनियम ओतलेलं दिसतं. त्यातून वीज वाहते, पण त्याला कुठं घासायचं नसतं. हलकं, ओतायला सोपं, वीज वाहणारं असं काहीतरी तिथं हवं होतं. आणि त्या मोटारीपर्यंत वीज येते ती खांबांवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून.

आता या धातूचं नाव. आमच्याकडे जुन्या बायका अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं म्हणतात. कुठं ‘जर्मल’ म्हणतात. जर्मन सिल्व्हर हा खरं तर वेगळाच धातू. तांबं, निकेल आणि जस्ताचा मेळ, चांदीचा त्यात कणही नाही. पांढऱ्या, स्वस्त, चकचकीत भांड्यांना ते नाव चिकटलं असावं आणि पुढे अ‍ॅल्युमिनियम बाजारात आल्यावर त्यानं ते घेतलं असावं. मला हे नाव आवडतं, आणि योगायोगानं त्याला एक खरा जर्मन आधारही आहे, तोही पुढे सांगतो.

अ‍ॅल्युमिनियम शोधायला कुठं लांब जायला नको. पृथ्वीच्या कवचात सुमारे 8 टक्के तेच आहे. इंदापूरच्या काळ्या चिकणमातीत पाय रुततो तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांतच रुततो. पण मातीतून ते सोडवणं परवडत नाही. त्यासाठी बॉक्साइट लागतं. लाखो वर्षांच्या पावसानं खडकातलं बाकीचं सगळं धुऊन नेलं आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले, असा तो दगड. आपल्याकडे तो सह्याद्रीच्या जांभ्याच्या पठारांवर सापडतो. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडसारख्या पठारांवरचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेलं. तिथं कॉस्टिकमध्ये शिजवून त्याची पांढरी भुकटी, अ‍ॅल्युमिना, करतात. चार टन बॉक्साइटमागे दोन टन भुकटी आणि दोन टन भुकटीमागे एक टन धातू, असा ढोबळ हिशेब.

भुकटीपासून धातू मात्र जाळानं होत नाही, त्याला वीजच लागते. 1886 साली अमेरिकेत हॉलनं आणि फ्रान्समध्ये एरूनं स्वतंत्रपणे एकच रीत शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये भुकटी विरघळवायची आणि वीज सोडायची. त्याच्या दोन वर्षं आधी वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमची टोपी बसवली होती, कारण तेव्हा हा मोलाचा धातू होता. आजही एक किलो धातूला सुमारे 14 युनिट वीज जाते. जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायचं तर त्याच्या विसाव्या हिश्शाएवढी ऊर्जा पुरते. भंगारवाला दारात येऊन जर्मनचं पोचे पडलेलं पातेलं वजनावर घेतो, तेव्हा त्याच्या तराजूत त्या पातेल्यात एकदा गुंतलेली वीजच असते.

तारांकडे परत येऊ. तेवढ्याच जाडीची तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त वीज वाहते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या 61 टक्के. पण अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7 आणि तांब्याची 8.9. वजनाला वजन ठेवून तुलना केली तर अ‍ॅल्युमिनियम दुप्पट वीज वाहतं. खांबांमध्ये तार ताणायची, म्हणजे तिचं स्वतःचं वजन हाच मोठा शत्रू. उरतो प्रश्न ताकदीचा. म्हणून मधोमध पोलादाची तार आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचा पीळ. लाइनमन या तारांना जनावरांच्या नावानं ओळखतात: वीझल, रॅबिट, डॉग, पँथर. रॅबिटमध्ये एका पोलादी तारेभोवती सहा अ‍ॅल्युमिनियमच्या. डॉगमध्ये सात बारीक पोलादी तारांभोवती सहा जाड अ‍ॅल्युमिनियमच्या. पोलाद ताण घेतं, अ‍ॅल्युमिनियम वीज नेतं.

हा संसार बिघडतो तो सांध्यावर. डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, तांब्या-पितळेच्या दांड्याला अ‍ॅल्युमिनियमची तार नुसती बांधली की दोन गोष्टी घडतात. पाणी लागलं की दोन धातूंचा छोटा विद्युत-घटच तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतोच, तो वीज अडवतो. सांधा तापतो, अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, गार झाल्यावर बोल्ट सैल राहतो, मग सांधा आणखी तापतो. उन्हाळ्यात सगळे पंप एकदम सुरू झाले की रात्री तिथं निळी ठिणगी दिसते. यावर दोन्ही धातूंच्या मधे बसणारे बायमेटॅलिक क्लॅम्प मिळतात, सांध्याला लावायची ग्रीसही मिळते. डीपी जळाली म्हणून उभं पीक वाळताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना या दीड-दोनशे ग्रॅमच्या क्लॅम्पचं मोल सांगावं लागत नाही.

इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी वालचंदनगर आहे. सोलापूरला 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1930च्या दशकात कळंबच्या माळावर शेती आणि साखर कारखाना उभा केला. पुढे तिथं साखर कारखान्यांची यंत्रंच बनू लागली, मिल, गिअरबॉक्स, सगळं. म्हणजे कांस्याच्या बेअरिंगवर फिरणारी यंत्रं. याच माणसानं डिसेंबर 1940मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीनं बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, आजच्या एचएएलची मूळ कंपनी. 1941 साली तिथं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं, सबंध धातूच्या सालीचं. विमानाची ती साल अ‍ॅल्युमिनियमची. उसाच्या माळावरून निघालेला एक माणूस घासणाऱ्या धातूकडून उडणाऱ्या धातूपर्यंत पोहोचला होता, हे मला फार भावतं.

विमानाला नुसतं अ‍ॅल्युमिनियम चालत नाही, ते फार मऊ असतं. इथं तो जर्मन आधार येतो. आल्फ्रेड विल्म हे जर्मन धातुशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे 4 टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून प्रयोग करत होते. तापवून पाण्यात बुडवलेला नमुना लगेच मोजला तर मऊच लागायचा. काही दिवस तसाच ठेवून पुन्हा मोजला तर कडक झालेला. तापवल्यावर विरघळलेलं तांबं थंडपणे, हळूहळू, अतिसूक्ष्म पुंजक्यांनी जमा होतं आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाही. ड्युराल्युमिन म्हणतात तो हाच मेळ. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची जी छोटी विमानं उडतात, त्यांच्या पत्र्यातही तांबंमिश्रित अ‍ॅल्युमिनियमची हीच परंपरा आहे.

वालचंदनगरच्या कारखान्यानं पुढे इस्रोच्या रॉकेटसाठी घन इंधनाच्या मोटारींची आवरणं बनवली. ती खास पोलादाची, कारण आतल्या आगीचा दाब सोसायचा असतो. त्याच रॉकेटांच्या वरच्या टप्प्यात जिथं उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन साठवायचा, तिथं टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या मेळाची असते. साधं पोलाद तेवढ्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. अ‍ॅल्युमिनियम होत नाही, उलट थोडं बळकट होतं.

घरांकडे येऊ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बारामतीच्या नव्या घरांतून सागवानी खिडक्या गेल्या आणि सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या. टू ट्रॅक, थ्री ट्रॅक, डोमल हे शब्द फॅब्रिकेटरकडून घरमालकांनी उचलले. या पट्ट्यांना आकार कसा येतो ते ज्यांनी घरी सोऱ्यातून शेव पाडली आहे त्यांना लगेच समजेल. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवतात, वितळवत नाहीत, आणि पोलादी साच्याच्या छिद्रातून प्रचंड दाबानं ढकलतात. छिद्राच्या आकाराची लांबलचक पट्टी बाहेर येते, आतून पोकळ, खाचा-कडांसकट. पोलादाची अशी पट्टी काढणं फार अवघड, लाकडात तर प्रत्येक खाच रंध्यानं काढावी लागते. खिडक्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम इतकं पसरलं त्याचं मोठं कारण हलकेपणाबरोबरच हा सोऱ्या आहे, असं मला वाटतं.

ती पट्टी गंजत नाही म्हणजे खरं तर ती क्षणात गंजते आणि तिथंच थांबते. हवा लागताच अ‍ॅल्युमिनियमवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर येतो. लोखंडाचा गंज फुगून सुटतो, हा घट्ट चिकटून बसतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये विजेच्या मदतीनं तोच थर 10 ते 25 मायक्रॉनपर्यंत वाढवतात. या थराचे शत्रू दोन: आम्ल आणि अल्कली. जर्मनच्या भांड्यात चिंचेचं सार ठेवू नये हे आज्या सांगायच्याच. दुसऱ्या शत्रूकडे मात्र बांधकामावर दुर्लक्ष होतं. ओलं सिमेंट चांगलंच अल्कलीयुक्त असतं. गिलावा चालू असताना चौकटीवर शिंतोडे उडाले आणि वाळले, तर खालचा थर खाल्ला जातो आणि पांढरे डाग कायमचे राहतात. माझ्या स्वतःच्या घराच्या तीन खिडक्यांवर ते आहेत. चौकटीवरची प्लास्टिकची पट्टी गिलावा संपल्याशिवाय काढू देऊ नये. नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हे आग्रहानं सांगतो.

हाच दुर्गुण एका ठिकाणी गुण झाला आहे. हलक्या, पांढुरक्या विटा, ज्यांना आपले गवंडी सरसकट सिपोरेक्स म्हणतात, त्या अ‍ॅल्युमिनियममुळेच हलक्या होतात. हे नाव पुण्यात शिर्के समूहानं आणलेल्या तंत्रामुळे रुळलं. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राखेच्या राबडीत अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, एका घनमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास. चुन्याच्या अल्कलीशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि राबडी इडलीच्या पिठासारखी फुगते. मग वाफेच्या दाबाखाली ती पक्की करतात. पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींत स्लॅब आणि भिंती एकदम ओतण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे साचे वापरतात; साइटवर त्याला ‘मिवान’ म्हणतात. एक माणूस एक पाट उचलू शकतो आणि तोच साचा शंभराहून अधिक वेळा वापरता येतो, यावर त्याचं सगळं अर्थकारण उभं आहे.

दुकानांच्या दर्शनी भागावरचे चकचकीत पत्रे, एसीपी, यांबद्दल मात्र मला काळजी वाटते. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असतो. गाभा साध्या पॉलिथिलीनचा असला तर तो पेटतो आणि आग दर्शनी भागावरून वर चढते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 72 माणसं गेली, तिथं हेच घडलं. अग्निरोधक गाभ्याचे पत्रेही मिळतात, महाग पडतात. तालुक्याच्या गावात दवाखाने आणि क्लास ज्या इमारतींत भरतात, त्यांच्या मालकांनी पत्रा घेताना रंगाच्या आधी गाभा विचारावा.

वास्तूंमध्ये कांस्य उरलं ते मुख्यतः पुतळ्यांत. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला 1928 सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकरांनी घडवला. ओतण्याची मूळ रीत आपल्याकडे जुनीच: मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचं लिंपण, मेण गाळून त्या पोकळीत धातू. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ या ग्रंथात हे लिहून ठेवलं आहे. कांस्य थिजताना साच्याचा बारीकसारीक तपशील पकडतं, लगामाची शिवण आणि भुवईची रेघसुद्धा. नंतर पावसाळे खाऊन त्यावर तपकिरी-हिरवट पुट चढतं आणि आतल्या धातूला झाकतं. करमरकरांच्या पुतळ्याला आता शतक होत आलं.

समुद्राकाठी हिशेब बदलतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा डिसेंबर 2023मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट 2024मध्ये कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांवर बोट ठेवलं गेल्याचं तेव्हा वृत्तपत्रांनी छापलं. कांस्य बाहेर होतं. आतला सांगाडा पोलादाचा होता. खाऱ्या हवेत पोलाद कांस्याला टेकलं की दोघांचा घट बनतो आणि त्यात पोलाद बळी जातं. डीपीच्या सांध्यावर जे घडतं तेच, फक्त मोठ्या मापाचं. कऱ्हाकाठचा मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडा, म्हणून इथं अशा चुका वर्षानुवर्षं लपून राहतात. कोकण त्या काही महिन्यांत उघडकीला आणतं. महाराजांच्या पुतळ्याच्या बाबतीत हे व्हावं, याचं दुःख अजून जात नाही.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी आपे आणि 2012पासून व्हेस्पा बनतात. व्हेस्पाचं अंग पोलादी पत्र्याचं, पण इंजिनाची बाहेरची कवचं, पंखे कोरल्यासारखं सिलिंडर हेड, ही अ‍ॅल्युमिनियमची ओतीव. इंजिनाची उष्णता चटकन बाहेर टाकणं आणि वजन कमी ठेवणं ही दोन्ही कामं त्याच धातूकडे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळतात, आणि ते इथेनॉल याच पट्ट्यातल्या उसातूनही येतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. ओलसर इंधन बरेच दिवस साचून राहिलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी पूड धरते. नव्या गाड्या त्या बेतानं बनवलेल्या असतात. जुनी स्कूटर महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

इथेनॉल जिथं तयार होतं त्या डिस्टिलरीत हे दोन धातू एकत्र येतात. हवेत अल्कोहोलची वाफ असू शकते, पोलादी पाना फरशीवर आपटून ठिणगी उडाली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तिथं दुरुस्तीसाठी अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झचे पाने आणि हातोडे ठेवतात. तांब्यात सुमारे 10 टक्के अ‍ॅल्युमिनियम, कथील बहुधा नाहीच. रंग जुन्या सोन्यासारखा, ताकद साध्या गनमेटलच्या वर, आणि पृष्ठावर अ‍ॅल्युमिनियमचाच तो न दिसणारा थर. निकेल घातलेला याचाच प्रकार जहाजांच्या पंख्यांना वापरतात, तो खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. पोलादी पान्यापेक्षा हा पाना नरम, त्याची धार लवकर बोथट होते, म्हणून तो वेगळ्या खणात ठेवलेला असतो. हातातून निसटून काँक्रीटवर पडला तर आवाज होतो, पोचा पडतो, ठिणगी पडत नाही.